विजेचा हिशेब

[वीज ही आज प्रत्येक घराची गरज आहे. बटण दाबले की दिवा लागतो. पण ती वीज घरात नेमकी कोठे आणि किती खर्च होते, हे फार थोड्यांना माहीत असते. मालेगावातील एका यंत्रमाग कामगाराच्या घरी विजेचे बिल अचानक वाढले. तेव्हा दहावीत शिकणाऱ्या त्याच्या मुलीने काय केले, ते या पाठात सांगितले आहे.]

जानेवारी महिना होता. मालेगावात थंडी वाढली होती. नसरीनचे अब्बा यंत्रमागाच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी आले, तेव्हा विजेचे बिल आलेले होते. त्यांनी ते दिव्याखाली धरून पाहिले आणि ते खाटेवर बसले. मागच्या बिलापेक्षा या बिलाची रक्कम दुपटीहूनही अधिक होती.

“एवढी वीज जाते तरी कोठे?” अब्बा म्हणाले.

कोणालाच उत्तर देता आले नाही. घर दोन खोल्यांचे. माणसे सहा. अब्बा, अम्मी, दादी, नसरीन, तिचा धाकटा भाऊ साजिद आणि लहान बहीण मुन्नी. घरात मोठी यंत्रे नव्हती. मग बिल का वाढले?

अब्बांची नजर कोपऱ्यातील दिव्याकडे गेली. तेथे नसरीन अभ्यास करत बसली होती. ती रोज रात्री नऊ ते बारा अभ्यास करत असे. मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा होती. दिवसा शाळा, घरातील कामे आणि मुन्नीची गडबड. रात्री सगळे झोपले, म्हणजेच तिला शांतपणे वाचता येत असे.

“आजपासून रात्री दहा वाजता सगळे दिवे बंद,” अब्बा म्हणाले. “अर्ध्या रात्रीपर्यंत दिवा जळतो, म्हणूनच बिल वाढते.”

नसरीन काही बोलली नाही. तेवढ्यात दादी म्हणाल्या, “उद्यापासून मी वुजूला थंड पाणीच घेईन.” अम्मीही हळूच म्हणाली, “मी शिलाई मशीनची मोटर लावत नाही. पायाने चालवीन.” अम्मी शेजारपाजारच्या बायकांचे कपडे शिवत असे. त्यातून घरखर्चाला हातभार लागत होता.

ज्याला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज होती, तीच गोष्ट तो सोडायला निघाला होता. पण तेवढ्याने बिल कमी होईल की नाही, हे कोणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेत नसरीनने विज्ञानाच्या मॅडमना सर्व हकीकत सांगितली. मॅडम म्हणाल्या, “नसरीन, वीज डोळ्यांना दिसत नाही. दिवा दिसतो, म्हणून आपण दिव्याला दोष देतो. तू आधी मोज आणि मग ठरव.”

मॅडमनी तो विषय वर्गातच घेतला. फळ्यावर लिहून त्या म्हणाल्या, “प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट लिहिलेले असतात. जेवढे वॅट जास्त, तेवढी ते उपकरण दर तासाला जास्त वीज घेते. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, तर एक युनिट वीज खर्च होते. म्हणून उपकरणाच्या वॅटला तासांनी गुणा आणि १००० ने भागा. जे उत्तर येईल, तेवढी युनिट वीज खर्च झाली, असे समजा.”

“मॅडम, एवढे सोपे?” एका मुलीने विचारले.

“सूत्र सोपे आहे, पण ते आपण घरात वापरत नाही,” मॅडम हसून म्हणाल्या. “आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या उपकरणांनी उष्णता तयार होते, ती वीज फार घेतात. पाणी तापवण्याचा रॉड, गिझर, इस्त्री आणि विजेची शेगडी ही त्यांची उदाहरणे. एलईडी दिवा त्या मानाने फारच थोडी वीज घेतो. जुन्या काचेच्या बल्बमध्ये तार तापून लाल होई आणि मग प्रकाश मिळे. त्यामुळे बरीचशी वीज उष्णतेतच वाया जाई. एलईडी दिव्यात तसे होत नाही. म्हणून ६० वॅटच्या जुन्या बल्बएवढा उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देऊ शकतो.”

शाळा सुटल्यावर नसरीन गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वायरमनकाकांकडे गेली. काका नोकरीतून निवृत्त झाले होते. गल्लीत कोणाचा फ्यूज उडाला, तर लोक त्यांनाच हाक मारत. नसरीनने त्यांच्यापुढे दोन्ही महिन्यांची बिले ठेवली.

काकांनी चष्मा लावला. “हे बघ पोरी, बिलावरची रक्कम नंतर पाहायची. आधी युनिट पाहायचे. मागच्या बिलात १२१ युनिट आहेत. या बिलात २०९ आहेत.”

नसरीन म्हणाली, “काका, युनिट दुप्पट झालेले नाहीत. मग पैसे दुपटीहून जास्त कसे झाले?”

“चांगला प्रश्न विचारलास! आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा दर त्यापेक्षा बराच जास्त असतो. पुढे ३०१ ते ५०० हा टप्पा आणि त्यानंतर ५०० च्या वरचा टप्पा. मागच्या महिन्यात तुमची फक्त २१ युनिट महाग दराची होती. या महिन्यात तशी १०९ युनिट झाली. म्हणून रक्कम एवढी वाढली.”

“म्हणजे आम्ही वीज वाचवली, तर आधी महाग युनिट कमी होतील?”

“अगदी बरोबर! आणि बिलात स्थिर आकार म्हणून एक रक्कम असते. ती वीज कमी वापरली तरी द्यावीच लागते. म्हणून बिल शून्य होणार नाही. पण वरची युनिट कमी करणे आपल्या हातात आहे.”

मग काका नसरीनला मीटरपाशी घेऊन गेले. “मीटरला हात लावायचा नाही, तो उघडायचा नाही. फक्त पाहायचे. येथे जे आकडे दिसतात, ते आजपर्यंत वापरलेले युनिट आहेत. आजचा आकडा लिहून ठेव. उद्या याच वेळी पुन्हा लिही. दोन्हींची वजाबाकी म्हणजे एका दिवसाचा खर्च. आणि हा लाल ठिपका बघ, कसा लुकलुकतो आहे! तुमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. याचा अर्थ, हा ठिपका ३२०० वेळा लुकलुकला, की एक युनिट वीज खर्च होते. घरात वीज जास्त खर्च होत असेल, तर तो भराभर लुकलुकतो.”

नसरीन आणि साजिद कामाला लागले. साजिदने प्रत्येक उपकरणावरचे वॅट वाचले. ते उपकरण रोज किती वेळ चालते, हे नसरीनने अम्मीला विचारून लिहिले. फ्रिज थांबून थांबून चालतो. म्हणून एका रात्री बाकी सर्व बंद ठेवून त्याचा खर्च त्यांनी मीटरवरून काढला. चार दिवसांनी नसरीनच्या वहीत पुढील हिशेब तयार झाला.

रोजचा खर्च
पाणी तापवण्याचा रॉड : १५०० वॅट, २ तास : ३.०० युनिट
फ्रिज : मीटरवर मोजून : १.२० युनिट
दोन जुन्या ट्यूबलाइट : चोकसह १०० वॅट, ६ तास : ०.६० युनिट
इस्त्री : १००० वॅट, अर्धा तास : ०.५० युनिट
पाण्याची मोटर : ५०० वॅट, १ तास : ०.५० युनिट
शिलाई मशीनची मोटर : १०० वॅट, ४ तास : ०.४० युनिट
टीव्ही : ६० वॅट, ५ तास : ०.३० युनिट
सेट-टॉप बॉक्स : १० वॅट, २४ तास : ०.२४ युनिट
तीन एलईडी दिवे : २७ वॅट, ५ तास : ०.१४ युनिट
मिक्सर : ५०० वॅट, ६ मिनिटे : ०.०५ युनिट
अभ्यासाचा दिवा : ९ वॅट, ३ तास : ०.०३ युनिट
एकूण : ६.९६ युनिट

साजिदने ६.९६ ला ३० ने गुणले. उत्तर आले २०८.८. बिलावर २०९ युनिट होते! दोघांनी आनंदाने एकमेकांकडे पाहिले. हिशेब जुळला होता.

मग नसरीनने आपल्या दिव्याचा महिन्याचा हिशेब केला. रोज तीन तास दिवा लावला, तरी महिनाभरात एक युनिटसुद्धा वीज खर्च होत नव्हती. रॉड मात्र एका दिवसात तीन युनिट वीज खात होता. थंडी पडल्यापासून घरात सहा जणांसाठी एकामागून एक बादल्या तापत होत्या. पाण्यातून वाफा निघू लागल्या, तरी रॉड चालूच राहत असे. मग त्याच पाण्यात थंड पाणी ओतून ते कोमट केले जाई.

शुक्रवार आला. अब्बांना सुट्टी होती. जुम्याची नमाज पढून ते घरी आले. जेवण झाल्यावर नसरीनने वही त्यांच्यापुढे ठेवली. अब्बांनी आकडे वाचले. पण त्यांचा विश्वास बसेना.

“वहीतले आकडे चुकू शकतात,” ते म्हणाले.

“मीटर तर चुकणार नाही ना, अब्बा?” नसरीन म्हणाली. “तुम्हीच पाहा.”

सगळे जण मीटरपाशी जमले. साजिदने घरातील सर्व बटणे बंद केली. फ्रिजचेही बटण बंद केले. आता मीटरचा लाल ठिपका थांबायला हवा होता. सगळे पाहत राहिले. जवळजवळ दोन मिनिटे गेली आणि ठिपका एकदा लुकलुकला.

“सगळे बंद आहे, मग हा का लुकलुकतो?” अम्मीने विचारले.

साजिद घरात धावला. टीव्हीचा पडदा काळा होता. पण त्याच्या खालच्या सेट-टॉप बॉक्सवर हिरवा दिवा लागलेला होता. टीव्ही रिमोटने बंद केला जाई. पण भिंतीवरचे बटण रात्रंदिवस चालू राहत असे. घरात कोणी टीव्ही पाहत नसतानाही वीज खर्च होत होती. वायरमनकाकाही तेथे आले होते. ते हसून म्हणाले, “आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे!”

बॉक्सचे बटण बंद केल्यावर ठिपका थांबला. मग नसरीनने फक्त आपला अभ्यासाचा दिवा लावला. अब्बांनी घड्याळ हातात घेतले. एक मिनिट झाले. ठिपका लुकलुकला नाही. दोन मिनिटे होत आली, तेव्हा कोठे तो एकदा लुकलुकला. पुन्हा दोन मिनिटांनी एकदा.

“आता रॉड लाव,” काका म्हणाले.

नसरीनने प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी घेतले, त्यात रॉड ठेवला आणि मग बटण दाबले. ठिपका धावू लागला. साजिद मोठ्याने मोजत होता. “... अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी!” एका मिनिटात ऐंशी वेळा!

अब्बा बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत उभे राहिले. मग ते हळू आवाजात म्हणाले, “बेटा, मी चुकीच्या दिव्यावर रागावलो.”

“अब्बा, रॉड बंद करायचा नाही,” नसरीन म्हणाली. “दादींना गरम पाणी हवेच. अम्मीची मशीनही चालू राहू द्या. तिला रोज अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते आणि त्यातून घरात पैसे येतात. आपण फक्त जे वाया जाते, ते थांबवू.”

दादी म्हणाल्या, “अगदी खरे आहे. गरजेपुरते घेणे म्हणजे इस्राफ नव्हे. वाया घालवणे म्हणजे इस्राफ. नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, असे आम्हांला लहानपणी शिकवले होते. आपली टाकी मात्र रोज भरून वाहते!”

त्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून काही नियम ठरवले.

पाणी वाफा येईपर्यंत तापवायचे नाही. अंगाला सोसेल इतके गरम झाले, की रॉड बंद करायचा. एका माणसासाठी अर्धी बादलीच तापवायची. साजिद म्हणाला, “सुट्टीच्या दिवशी मी दुपारी उन्हात ठेवलेल्या पाण्याने आंघोळ करीन.” रॉडचे बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचे नाही आणि मुन्नीला बादलीजवळ जाऊ द्यायचे नाही, हा नियम अम्मीने सांगितला. हा नियम बचतीचा नव्हता, जीव वाचवण्याचा होता.

टाकी किती वेळात भरते, हे घड्याळ लावून पाहिले. अर्धा तास पुरत होता. उरलेला अर्धा तास पाणी गटारात वाहत होते. पाण्याबरोबर वीजही वाहत होती. मोटर बंद करण्याचे काम साजिदकडे आले.

इस्त्री रोज एकेका कपड्यासाठी तापवायची नाही. आठवड्यातून दोनदा सर्व कपड्यांना एकदम इस्त्री करायची. टीव्ही पाहून झाला, की भिंतीवरचे बटण बंद करायचे.

फ्रिज भिंतीला चिकटून उभा होता. तो थोडा पुढे ओढला, म्हणजे त्याच्या मागची गरम हवा निघून जाऊ लागली. त्याच्या दाराचे रबर पुसून स्वच्छ केले. दारात कागदाची पट्टी धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. पट्टी सहज निघाली नाही, म्हणजे दार घट्ट बसते. गरम भांडे फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, हेही ठरले.

एवढ्या गोष्टींना एक पैसाही लागला नाही. पैसे लागतील असे एकच काम त्या महिन्यात केले. एक जुनी ट्यूबलाइट काढून तेथे २० वॅटची एलईडी ट्यूब बसवली. “दुसरी पुढच्या महिन्यात बदलू,” अब्बा म्हणाले. “एकदम खर्च करायचा नाही.”

काकांनी आणखी एक सल्ला दिला. “पुढे कधी नवा फ्रिज किंवा पंखा घ्याल, तेव्हा त्यावरचे तारे पाहा. नुसती किंमत पाहू नका. स्वस्त वस्तू कधी कधी बिलातून पैसे वसूल करते.”

ताऱ्यांची ही गोष्ट मॅडमनी वर्गात अधिक स्पष्ट करून सांगितली. आपल्या देशात २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला. त्या कायद्यानुसार २००२ साली ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. २००६ सालापासून उपकरणांवर तारे असलेले लेबल लावण्यास सुरुवात झाली. एका ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत हे लेबल असते. एकाच आकाराच्या दोन फ्रिजपैकी ज्यावर तारे जास्त, तो कमी वीज घेतो. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. नव्या प्रकारचे काही पंखे तेवढाच वारा साधारण ३० वॅटमध्ये देतात. २०१५ साली सरकारने उजाला योजना सुरू केली आणि एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचले. दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो.

मॅडम म्हणाल्या, “मुलींनो, महाराष्ट्रातील बरीचशी वीज कोळसा जाळून तयार होते. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ आणि आपल्या नाशिकजवळचे एकलहरे येथे अशी वीजकेंद्रे आहेत. कोळसा जळतो, तेव्हा धूर आणि राख होते. वीज तारांमधून दूरवर येते, तेव्हा वाटेतही थोडी वाया जाते. म्हणून घरात एक युनिट वाचले, की तिकडे एका युनिटपेक्षा जास्त वीज वाचते. बचत आपल्या घरात होते. पण तिचा फायदा सर्वांना मिळतो.”

नसरीन रोज संध्याकाळी मीटरचा आकडा वहीत लिहू लागली. एका दिवशी खर्च वाढलेला दिसला, की साजिद कारण शोधून काढी. कधी टाकी वाहिलेली असे, तर कधी टीव्हीचे बटण चालू राहिलेले असे. हळूहळू घरातील सर्वांना सवय लागली. मुन्नीसुद्धा खोलीतून बाहेर पडताना टाचा उंच करून दिव्याचे बटण बंद करू लागली.

पुढच्या महिन्याचे बिल आले. नसरीनने आधी युनिट पाहिले. ते १३६ होते. महाग दराची १०९ युनिट होती, ती आता फक्त ३६ उरली होती. दादींना गरम पाणी मिळत होते. अम्मीची मशीन चालू होती. कोणाचीही गरज तोडली गेली नव्हती.

त्या रात्री दहा वाजले. नसरीन पुस्तक मिटू लागली. अब्बा खाटेवरून म्हणाले, “बस, बेटा, वाच. तुझ्या दिव्याचा हिशेब मला आता पाठ झाला आहे.”

मुलांनो, काटकसर म्हणजे अंधारात बसणे नव्हे. काय आवश्यक आहे आणि काय वाया जाते, हे ओळखणे म्हणजे काटकसर. ते ओळखण्यासाठी मोजावे लागते. न मोजता बचत करायला गेलो, तर घरातील जो गप्प राहतो, त्याचीच गरज आधी तोडली जाते. तुम्हीही आज घरी गेल्यावर मीटरचा आकडा लिहून ठेवा. थेंबे थेंबे तळे साचे, हे तुम्हांला महिन्याच्या शेवटी दिसेल.

शब्दार्थ

यंत्रमाग : विजेवर चालणारा कापड विणण्याचा माग
हातभार : मदत
हकीकत : घडलेली गोष्ट
उपकरण : काम करण्याचे साधन
निवृत्त : नोकरीची मुदत पूर्ण झालेला
टप्पा : पायरी, मजल
स्थिर आकार : बिलातील न बदलणारी रक्कम
लुकलुकणे : क्षणभर चमकून विझणे
कोमट : थोडेसे गरम
सोसणे : सहन होणे
इस्राफ : उधळपट्टी, वाया घालवणे
संवर्धन : जपणूक आणि वाढ
काटकसर : जपून खर्च करणे, किफायत

वाक्प्रचार व म्हणी

हातभार लागणे : मदत होणे.
दोष देणे : चूक दुसऱ्यावर टाकणे.
कामाला लागणे : काम सुरू करणे.
आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते : एकाने कष्ट करावे आणि लक्ष नसल्यामुळे त्याचे फळ दुसऱ्यानेच खाऊन टाकावे.
थेंबे थेंबे तळे साचे : थोडे थोडे जमवल्याने मोठा साठा होतो.

स्वाध्याय

प्रश्न १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिल वाढण्याचे कारण कोणते, असे अब्बांना प्रथम वाटले?
(आ) एक युनिट वीज म्हणजे किती?
(इ) सर्व बटणे बंद केल्यावरही मीटरचा ठिपका का लुकलुकला?
(ई) राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन केव्हा पाळला जातो?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) युनिट दुप्पट झालेले नसतानाही बिलाची रक्कम दुपटीहून अधिक का झाली?
(आ) रॉड वापरताना घरातील लोकांनी कोणते नियम ठरवले?
(इ) “मी चुकीच्या दिव्यावर रागावलो,” असे अब्बा का म्हणाले?
(ई) दादी, अम्मी आणि नसरीन यांच्या गरजा न तोडता बिल कसे कमी झाले?

प्रश्न ३. कोण, कोणास म्हणाले?
(अ) “तू आधी मोज आणि मग ठरव.”
(आ) “मीटर तर चुकणार नाही ना?”
(इ) “बिलावरची रक्कम नंतर पाहायची. आधी युनिट पाहायचे.”

प्रश्न ४. हिशेब करा.
(अ) ७५ वॅटचा पंखा रोज १० तास चालतो. ३० दिवसांत किती युनिट वीज खर्च होईल?
(आ) त्याऐवजी ३० वॅटचा पंखा तेवढाच वेळ चालवला, तर किती युनिट वाचतील?

भाषाभ्यास

१. उर्दूत दोन लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत : तो, ती, ते. पुढील शब्द पाहा : तो दिवा, ती वीज, ते बिल. आता पुढील शब्दांपूर्वी ‘तो’, ‘ती’ किंवा ‘ते’ लिहा : पाणी, टाकी, बटण, पंखा, बादली, घड्याळ, हिशेब, मीटर.

२. खर्च, हिशेब, किंमत, फायदा, बाकी, रोज, जास्त, कमी हे शब्द अरबी व फारसी भाषांतून मराठीत आले आहेत. तुमच्या उर्दूतही ते थोड्याफार फरकाने आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा. असे आणखी पाच शब्द शोधा.

३. ‘नियम’ सांगताना मराठीत ‘-यचा, -यची, -यचे’ असे रूप वापरतात. उदा., हात लावायचा नाही. इस्त्री तापवायची नाही. पाणी तापवायचे नाही. असे तीन नियम तुमच्या वर्गासाठी लिहा.

उपक्रम

सात दिवस रोज एकाच वेळी घरातील मीटरचा आकडा वहीत लिहा. रोजचा खर्च काढा. ज्या दिवशी खर्च जास्त झाला, त्या दिवसाचे कारण घरातील माणसांना विचारून लिहा. आठवड्याच्या शेवटी आपला हिशेब वर्गात मराठीत वाचून दाखवा.